अडीच बोटं

एकवीस वर्षं मी बोथलीचा कोतवाल.
गळ्यात डफडं, आणि डफड्याच्या वर हे तोंड.
ऐका हो, उद्या शाळेत डोळ्यांचा कॅम्प.
ऐका हो, हत्तीपायाच्या गोळ्या
नर्सबाईंसमोरच गिळायच्या, कनवटीला लावायच्या नाहीत.
पाणी उकळून प्या हो.
गाव माझ्या तोंडून ऐकत आलं,
काहींनी पाणी उकळलंही.
आणि मी डाव्या गालाला
खर्रा दाबून
पुढच्या चौकात.

भाचीच्या लग्नात पंगतीला बसलो.
आख्खा वडा तोंडात जाईना.
कुस्करून, भातात कालवून खाल्ला,
तर शेजारचे म्हणाले, बिसन आता
सायबावानी जेवते.
हसलो मीही. जेवढं हसता आलं तेवढं.
तर्री तर कधीचीच सोडली होती,
जिभेला निखारा लागावा तशी लागायची.
घरी सांगितलं, डॉक्टरनं तिखट बंद केलं.
कोणता डॉक्टर, ते रत्नकलानं विचारलं नाही.
मीही बरं म्हणून गप्प.

ग्रामीण रुग्णालयात दातांची डॉक्टर,
माझ्या पोरीएवढी.
म्हणाली, काका, तीन बोटं उभी घाला.
दोन गेली.
तिसरं बाहेरच राहिलं,
उंबऱ्याशी चपला हातात घेऊन
उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं.

कधीपासून, तिनं विचारलं.
मी सांगत सुटलो.
रात्रीची गस्त, झोप आवरत नाही.
तहसीलच्या पायऱ्यांवर दिवस दिवस बसणं.
बाप खायचा, मामा खायचा,
आमच्या भागात तर
पाहुण्याला पाण्याआधी खर्रा.
आणि सहदेवचा ठेला नेमका चावडीला लागून.
तिनं यातलं काहीच लिहून घेतलं नाही.
पेन तसंच धरून विचारलं,
पन्नी घासते कोण?

मी तळहात पाहिला.
अंगठ्याखालचा उंचवटा
उंबरठ्याच्या दगडासारखा गुळगुळीत झालेला.

त्या रात्री गस्तीवर, नाल्याच्या पुलाशी,
कुत्रंही जागं नसताना
डफड्यावर दोन बोटं वाजवली, हळूच.
ऐका हो.
वॉर्ड नंबर दोनमधले बिसन नगराळे यांनी
उद्या सकाळी हजर राहावं.
बायकोनं त्यांना आणू नये.
पोरीनं शपथ घालू नये.
सरकारनं ठेला उचलला तर उचलला,
त्याची वाट पाहू नये.
स्वतःच्या पायांनी यावं हो.
पाण्यात बेडूक थांबले, मग परत सुरू झाले.

अंगणवाडीतून आइस्क्रीमच्या काड्या मागून आणल्या.
नहाणीच्या दगडावर बसून
दातांत एकावर एक रचायच्या.
सोळा मावल्या.
सतरावी सरकवताना डोळ्यांतून पाणी आलं,
रत्नकला म्हणाली, हे काय पोरखेळ?
मी बोलू शकत नव्हतो. तोंड भरलेलं होतं.
मग तीही बसली समोर, काड्या मोजत,
आणि विसाव्या दिवशी म्हणाली,
मले वाटलं होतं, तुमी मले सांगानच नाही.

आश्विनात एकदा पडलो.
पडलो कसला,
सहदेवच्या ठेल्यापर्यंत चालत गेलो.
डोकं ठणकत होतं, हे खरं.
कुणी ओढून नेलं नाही, हेही खरं.
कॅलेंडरवर त्या तारखेला
चुन्याचं बोट उठवून ठेवलं आहे,
पान उलटलं तरी मागून दिसते.

आता वीस काड्या.
बोटं अडीच.
डॉक्टर म्हणते, उरलेलं अर्धं
येईल असं मी सांगत नाही,
आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं, विसरायचं नाही.
मी तारीख लिहून घेतो. माझ्या अक्षरात.

आज सकाळी नळाची दवंडी होती.
'टाकी' म्हणताना आवाज थोडा फाटला.
चौकात सहदेव म्हणाला, दादा, बनवू का?
नाही म्हणालो.
पण खिशातला अंगठा अजून
आपल्या आपण तळव्यावर फिरतो.
त्याला मी रागावत नाही.
काड्यांची जुडी खिशातच असते,
ती त्याच्या हातात देतो.