टक्

पाथर्डी फाटा, पहाटेचे पावणेसहा.
थंडी थेट निफाडहून आलेली.
किल्ली फिरवली.
टक्.
पुन्हा.
टक् टक् टक्,
बॉनेटखाली पाल चुकचुकावी तशी.

हेडलाइट लावून पाहिले:
कंपाउंडच्या भिंतीवर पिवळट, आजारी डाग.
हॉर्नचा घसा बसलेला.
पेट्रोल आहे, स्टार्टरही ठीक असावा बहुधा,
बॅटरीतच जीव नाही.

सोनगिरे आले मफलर गुंडाळून.
नोटांच्या प्रेसमधून रिटायर,
अजूनही काहीही हातात घेतलं
की आधी उजेडासमोर धरतात.
"टर्मिनल बघू," म्हणाले.
तुरटीसारखा निळसर पांढरा थर.
खायचा सोडा, वर किटलीतलं गरम पाणी,
फसफसून वाहून गेलं सगळं.
मी पॉलिश पेपरने घासघासून शिसं चमकवलं.
किल्ली.
टक्.

"किती वर्षं झाली हिला?"
"साडेचार."
"मग हिचं काय चुकलं?"

त्यांची अल्टो नाकाला नाक लावून उभी केली.
लाल लालला.
काळी त्यांच्या बॅटरीला,
पण आपल्याकडे इंजिनच्या उघड्या लोखंडाला,
ठिणगी पडायची तर तिथे, दूर.
"आता पाच मिनिटं काही करायचं नाही,"
सोनगिरे घड्याळ लावून बसले.
सातपूरला सातची पाळी माझी.

काही करायचं नाही म्हणून मागचं दार उघडलं.
छतातला दिवा जळत होता,
विझत्या निखाऱ्याएवढा.
बटण कुणीतरी सरकवलेलं.
सीटवर केतकीची शाल,
चिंचगोळ्यांचे चार कागद,
आणि काचेवरच्या धुरकटात
बोटांनी पुसलेली एक गोल जागा.
तिथून आमच्याच स्वयंपाकघराची खिडकी दिसते.

दोन खोल्या, पाच माणसं.
रात्री दोन वाजता फोनवर
कुणाला "नको" म्हणायचं असेल, किंवा "हो",
तर मुलीने जायचं कुठे?

"सापडलं का काही?" सोनगिरेंनी विचारलं.
मी बटण मागे सरकवलं.
"नाही हो. वय झालंय बॅटरीचं."
त्यांनी माझ्याकडे
नोटेकडे बघावं तसं बघितलं.

मग गाडी खोकली, थरथरली, लागली.
"वीस मिनिटं बंद करू नका."
गरवारे पॉइंटला सिग्नल लाल होता,
उगाच ॲक्सिलरेटर दाबत राहिलो.

संध्याकाळी त्र्यंबक रोडवर नवी घेतली,
जुनीचे सातशे वजा करून.
तिथेच काउंटरवर
एक हातातली बॅटरीही होती, दोन सेलची.
तीही घेतली.
मागच्या सीटच्या खिशात ठेवली,
शालीची घडी न मोडता.