गुरुवारचं इतिवृत्त

विषय क्रमांक चार : रांगोळी.
चिटणीस म्हणून मीच लिहिलं, निळ्या शाईत :
पवित्र गुरुवारी मधल्या वाटेवर रांगोळी काढावी.
सूचक हबेल उजागरे. अनुमोदक कोणी नाही.
पंखा फिरत राहिला. मग बऱ्याच वेळाने
मार्थाबाई हिवाळे म्हणाल्या, लिही माझं नाव.

आबनेर रणभिसे उठून उभे राहिले.
ते नेहमी उठूनच बोलतात.
रांगोळी आपली नव्हे, म्हणाले.
मार्थाबाई बसल्या जागेवरून :
पेटी तरी कुठं आपली होती, आबनेर?
बोटीतून आली, तिचे भाते इथल्या उंदरांनी खाल्ले,
तेव्हा ती आपली झाली.

तीन विरुद्ध तीन.
पाळकांनी खिडकीबाहेर पाहिलं.
शरणपूर रोडचा सिग्नल सुटला होता,
त्या हॉर्नच्या गदारोळात त्यांनी मान हलवली.
होकारार्थी, असं मी लिहिलं.

हबेलमामा चौतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात.
धातूच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरायचे,
उलटा मोर, उलटी अक्षरं,
आणि केसाहून बारीक रेघांची जाळी,
कोणाला खोटी करता येऊ नये अशी.
देशभर लोकांनी जिभेने ओली करून चिकटवली त्यांची तिकिटं.
नाव कशावरच नाही.
निवृत्तीला घड्याळ मिळालं. ते पुढे पळतं.

बुधवारी रात्री त्यांनी बाकं सरकवली.
भद्रकालीतून आणलेली रांगोळी
बायकोच्या जुन्या मलमलीतून दोनदा चाळली.
उजवा हात आता थरथरतो,
म्हणून डाव्याने उजव्याचं मनगट धरलं,
पोराला पाटीवर गिरवायला लावतात तसं,
आणि दारापासून वेदीपर्यंत
एकच रेघ, कुठे न तुटता,
स्वतःलाच ओलांडत, वळत, पुन्हा स्वतःपाशी येत.
गुलाबी, हळदी, जांभळी.

मी विचारलं, क्रूस कुठंय?
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
जाळं आहे हे, कोळ्याचं.
मासे उद्या येतील.

आले मासे, साडेसहाला, चपला हातात घेऊन,
आणि दारातच थबकले.
कडेने जायला जागाच ठेवली नव्हती म्हाताऱ्याने.
मीही थबकले. इतकी बारीक रेघ मोडायची कशी?
तोरण्यांची शलाका, वय पाच,
सरळ मधून चालत गेली,
मागे वळून आपलीच पावलं बघत.
मग मार्थाबाई, काठीचे टिंब देत.
मग सगळी मंडळी.
हबेलमामा शेवटच्या बाकावरून बघत होते,
तिकिटावर शिक्का पडताना बघावं तसे.
शिक्का बसल्याशिवाय पत्र निघत नाही.

वेदीपाशी तांबट आळीतलं घंगाळ.
पाळक गुडघ्यांवर, कमरेला टॉवेल.
पाय येत गेले : नर्सचे, रिक्षावाल्याचे,
भेगाळलेले, पैंजणांचे, एक प्लॅस्टरमधला,
त्याची फक्त बोटं धुतली.
पाणी आधी गुलाबी झालं, मग कुठल्याच नावाचं राहिलं नाही.

आबनेर मागच्या दाराने आले होते,
पाळकांच्या खोलीतून.
स्वच्छ पाय. कोरडे. नखं कापलेली.
घंगाळात घातले
आणि बाहेर काढले तेव्हा घोट्यांपर्यंत
आमच्या सगळ्यांचा रंग चढला होता.
त्यांनी खाली पाहिलं. पाळकांनी टॉवेल धरला.
पेटीवर पोरगा चुकीची पट्टी दाबून बसला होता,
कोणी त्याला सांगितलं नाही.

मग भाकर, आणि दिंडोरीच्या द्राक्षांचा रस,
आणि झाडू मारायला कोणीच पुढे झालं नाही.

पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त कायम झालं.
विषय क्रमांक दोन : खर्चास मंजुरी.
रांगोळी, एकशे ऐंशी रुपये.
सूचक आबनेर रणभिसे.

बसूनच बोलले.
हे मात्र मी लिहिलं नाही.