कडा न कापता

वाचनालयातून महिन्याला तीस-चाळीस पुस्तकं येतात
उद्यमनगरातल्या माझ्या पत्र्याच्या खोलीत,
पाठ मोडलेली, शिवण उसवलेली.
मी वाचत नाही.
सुतार काय प्रत्येक पलंगावर झोपून बघतो?

ही मात्र दोनच वर्षांची कादंबरी
आणि तारखांची चिठ्ठी तळापर्यंत भरलेली.
एवढ्या लवकर पाठ मोडते ती गाईडांची.
जुना दोरा काढायला घेतला, तर पान एकशे अठ्ठ्याऐंशी
आपोआप उघडलं.
सवयच लागली होती त्याला.

विहंग आणि ओजस.
आमच्या वेळी अशी नावंच नव्हती.
आमच्यात सर्जेराव, बापूसो, आनंदा.
त्यातलं कुणी कुणाच्या प्रेमात पडलं
तर ते छापत नसत.

खळ निवेपर्यंत वाचावं म्हटलं.
निवली, वर साय धरली,
मी आपला स्टुलावरच.

खरं सांगायचं तर बरंच पटलं नाही.
दोघं फार बोलतात. मनात आलं की तोंडात.
पडद्याच्या रंगावरून भांडतात
आणि दोन पानांत मिटवतात.
भीतीनं तळहात ओला होतो
हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं.
चौदाव्या प्रकरणात विहंगची आई डबा पाठवते,
दोघांचा.
तिथं मी दोऱ्याचा तुकडा खूण म्हणून ठेवला
आणि नळाखाली तोंड धुऊन आलो.

पण ते एकशे अठ्ठ्याऐंशी.
दोघं गॅलरीत. ओजस विहंगच्या मानेवरचा
दाढीचा फेस पुसतोय.
समोरची बाई बघते.
आता खिडकी आपटणार, मी म्हटलं,
आता सोसायटीची मीटिंग.
ती बघते, आणि कुंडीला पाणी घालत राहते.
बस्स. पुढचा परिच्छेद लाइटबिलाचा.

तीनदा वाचलं.

लेथवरचा सर्जेराव.
त्याच्या डोळ्यात गेलेला लोखंडाचा कीस
मी रुमालाच्या टोकानं काढला होता
गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, रात्री दहाला,
त्याचा पेला माझ्या गुडघ्यावर टेकलेला.
म्हशीवाला खाकरला.
नुसता खाकरला, लगा,
आणि त्यानंतर आम्ही शेजारी बसलो नाही.
वैशाखात त्याचं लग्न झालं.
पत्रिकांत सोनेरी दोरा मीच ओवला, सव्वादोनशे.

असो. काम.
शिवून झालं की पुस्तक कटिंगला लावायचं,
तिन्ही बाजूंनी सूतभर कापायचं,
कडा कशा आरशासारख्या येतात.
पातं खाली आणताना दिसलं,
समासात, अगदी काठाला, पेन्सिलीनं:
“असं असतं?”
खाली दुसऱ्या अक्षरात, हिरव्या शाईनं:
“आमच्या आठव्या गल्लीत नाही.”
त्याखाली खोडलेलं काहीतरी.
बल्बसमोर धरलं, तर फोन नंबर,
शेवटचे दोन आकडे रबरानं पार गेलेले.

सूतभर कापलं असतं
तर तिघंही कातरणाच्या पोत्यात.

पातं वर घेतलं.
पुठ्ठा चढवला, पाठीला निळं कापड.
कोरी पानं पुढं दोन, मागं दोन, अशी पद्धत;
मागं मी चार घातली.
पेन्सिल कानावर होती. कानावरच राहिली.
पण गठ्ठा बांधताना पाहिलं,
कुंडीच्या ओळीशेजारी
खळीनं माखलेला माझा अंगठा उठलाय,
सही न येणाऱ्याचा असतो तसा.

वाचनालयात मोहितेबाई म्हणाल्या,
“कडा अशा कुत्र्यानं चावल्यागत का हो?”
म्हटलं, पातं बोथट झालंय.
त्यांनी पुस्तक उघडलं.
नव्या शिवणीतसुद्धा ते तिथंच उघडलं.
बराच वेळ बघत होत्या.
मग चष्मा वर सारला, रजिस्टर पुढं ओढलं
आणि बिलातले पाच रुपये कापले.