गाठ आतल्या बाजूला

पेनिशच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं कापडाचं दुकान.
दुपारी तीननंतर वारा तेवढा शटर वाजवतो,
गिऱ्हाईक नसतं.
तेव्हा आदेलिनो आला.
दारात बूट झटकले, तरी मिठाचा वास त्याच्याआधी आत.
"मऊ कापड दे."
किती, विचारलं,
तर त्यानं दोन्ही हात फाकवले,
मासा केवढा होता ते सांगतात तसे,
मग जरा विचार करून जवळ आणले.
म्हटलं, हा आज खोटं बोलत नाहीये.

फलालीन काढलं, लोण्याच्या रंगाचं.
बोट लावलं त्यानं आणि चटकन मागे घेतलं.
कातडीच्या चिरेत कापडाचा एक तंतू अडकून आला होता.
"अर्ध्या वावाचे दोन तुकडे," म्हणाला.
चाळीस वर्षांत माझ्याकडे कुणी
वावानं कापड मागितलं नव्हतं.

फाटकी जाळी सांधण्यात हयात गेलेली.
लाकडी कांडी त्याच्या हातात डोळे मिटून चालते.
सुई दिली तर उलटीसुलटी करून बघितली,
"ही काय धरून ठेवणार?"

पहिल्या दिवशी सहा टाके.
सहाही जाळ्याचे.
दर टाक्याला गाठ, ओढाल तशी आवळणारी,
अटलांटिकला पुरून उरेल अशी.
मी उसवले सगळे. बाळाला रुतेल, म्हटलं.
तो उसवलेल्या दोऱ्याकडे बघत राहिला.
"गाठच नाही, तर मग भरवसा कशाचा?"

मला उत्तर आलं नाही.
शिवणारी बाई गाठीचा एवढा विचार करत नाही.
तिला गाठ लपवता येते, इतकंच.
तेच शिकवलं:
दोन पदरांमध्ये कापसाची पातळ लड,
सुई वरून आत घाल,
दोरा हलकेच ओढ, हलके, होडी नाही ओढायची,
टक्.
गेली आत.
तो आवाज त्याला इतका आवडला
की हातभर दोरा शिल्लक असताना तोडायचा,
नवी गाठ मारायला.
माझी दोन रिळं संपवली त्यानं. पैसे मात्र मोजून दिले.

कुणाच्या बाळाला, हे पाचव्या दिवशी सांगितलं,
तेही मान वर न करता.
"झुल्मिराच्या लेकीच्या."

मी कात्री शोधायला लागले. कात्री हातातच होती.

झुल्मिराचा नवरा आणि हा, एका बोटीवर.
एकोणीस वर्षं झाली.
त्या रात्री दोर कुणी बांधला होता
हे गावाला माहीत आहे, आणि गाव विचारत नाही.
झुल्मिरा पावाच्या रांगेत याला पाहिलं
की रांग सोडून घरी जाते.

दुपटं झालं. एक कोपरा तोकडा,
धावदोरा दारू प्यायल्यासारखा.
कागदात बांधून देऊ का म्हटलं, नको म्हणाला.
पहाटे पाववाल्याच्याही आधी
तिच्या दाराच्या कडीला अडकवून आला,
पावाच्या पिशवीशेजारी.

मग नऊ दिवस काही नाही.
तो दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा,
चिंध्यांवर उगीच गाठी लपवायचा.

दहाव्या दिवशी मीच त्याला वरच्या गल्लीत नेलं.
झुल्मिराच्या गॅलरीत, दोरीवर,
लोण्याच्या रंगाचं, ओलं, फडफडणारं.
"धुतलंय," मी म्हटलं.
"माझा वास काढायला."
"बाळाची दुपटी धुवावीच लागतात, येड्या."

त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
एका पायावर भार टाकून वर बघत होता,
ओठ हलत होते.
शेजारच्या चादरीला दोन चिमटे.
टॉवेलला एकच.
दुपट्याला
त्यानं पुन्हा मोजले.
"चार," म्हणाला.