भाता

कुठवर आलास, मार्केटा फोनवर विचारते.
मी साखरेची पुडी उलटी करून बघतो,
पंपावरच्या कॉफीसोबत मिळते ती.
तिच्यावर गावाचं नाव असतं.
सुओनेन्योकी, मी सांगतो.
स्ट्रॉबेरीचं गाव ना ते?
असेल. आम्ही पोचलो तेव्हा दुकानं मिटली होती.

व्हॅनमध्ये आम्ही चौघं.
ताइस्तो झोपतो सिंबलच्या पेटीला पाय लावून,
एकदा एका वळणावर ती घसरली होती, तेव्हापासून.
टेर्हो गाडी चालवतो, बोलत नाही.
गाणारी मुलगी नवी आहे.
तिच्या आधीच्या, त्यांच्याही आधीच्या
मला आवाजावरून आठवतात,
चेहरे एकमेकींत मिसळून गेलेत.

जूनमध्ये इथे रात्र होतच नाही.
बारा वाजता तळं
घासून ठेवलेल्या परातीसारखं लखलखतं.
अंधार पडला असता
तर घरची आठवण काढायला
एक ठरलेली वेळ तरी मिळाली असती.

तळ्याकाठी लाकडी मंडप. डास. सॉसेजचा धूर.
आम्ही टँगो धरतो
आणि दिवसभर ट्रॅक्टरवर बसलेली माणसं
अनोळखी गालाला गाल लावून
डोळे मिटून घेतात.
तीस वर्षं मी माणसांना
एकमेकांच्या मिठीत घालत आलो.
एका जोडप्यानं बारशाचं बोलावणंही धाडलं होतं,
त्या शनिवारी आम्ही कुठेतरी उत्तरेला होतो.
मला नाचता येत नाही.
जिथे शिकायचं
तिथे मी वाजवत असतो.

काल मंडपात दिव्याची पाटी लागली:
निवड बायकांची.
हिरव्या स्वेटरातली एक बाई, सत्तरीची असेल,
पुरुषांची रांग ओलांडून सरळ मंचाशी आली
आणि माझ्यापुढे हात केला.
मी म्हणालो, बाई, मी थांबलो तर गाणं थांबेल.
मग वाजवा, ती म्हणाली.
आणि तिथेच उभी राहिली.
एका निवडीला दोन गाणी, असा इथला रिवाज.
दोन्ही गाणी ती उभी होती,
वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत,
माझ्या भात्याबरोबर.
मग मान लवून आभार मानले
आणि एकटीच परत गेली.
जोडीदाराला जागेवर पोचवून यायचं असतं,
हाही रिवाजच.

पहाटे तीन. लख्ख ऊन. पुढचं गाव दोनशे किलोमीटर.
अ‍ॅकॉर्डियन मांडीवर,
भात्याचा पट्टा लावायचा राहून गेलेला.
रस्ता खचला होता तिथे गाडी आपटली
आणि त्यानं एक लांब श्वास सोडला,
सुराविना, नुसती हवा.

काय झालं, टेर्होनं विचारलं.
रात्रभरातला त्याचा पहिला शब्द.

काही नाही, म्हणालो,
आणि पट्टा तसाच राहू दिला.