चीर

याकुत्स्क. उणे सत्तेचाळीस.
बाजारात मासे उभेच्या उभे, सरपणासारखे,
नेल्मा, ओमुल, आणि चीर नावाचे ते रुंद पाठीचे,
शेपट्या खोक्यात, तोंडं वर,
जणू त्यांनाच काही विकत घ्यायचंय.
मी त्यांच्यामागे. पायाखाली पुठ्ठा.
हातात लोकरी मोजे, त्यावर आणखी एक जोड,
त्यावर रेनडिअरच्या केसाळ चामड्याचे,
सासूबाईंनी शिवलेले.

गिऱ्हाईक म्हणतं, पैसे पाठवलेत, बघून घ्या.
बघून घ्या म्हणायला काय जातं!
फोन कोटाच्या आत, स्वेटरच्या आत, तान्ह्यासारखा छातीशी.
बाहेर काढला की चाळीस टक्क्यांवरून
थेट डोळेच मिटतो.
नाही मिटले तरी
हातमोजा कितीही घासा, ढिम्म.
काचेला कातडं कळतं,
चामडं कळत नाही.

शेजारची वार्वारा नाकाने भागवते.
खरंच. देवापुढे वाकावं तशी वाकते
आणि शेंड्याने हिरवं बटण दाबते.
एकदा तिच्या नाकाने भावाला
एकच अक्षर सतरा वेळा पाठवलं.
तो बिचारा धापा टाकत आला, काय झालं म्हणून.
आलाच आहेस तर, ती म्हणाली,
हे पोतं जरा धर.

माझं नाक बसकं, मला ते जमत नाही.
मी दातांनी मोजा ओढते,
आणि मोजायला लागते.
एक. बोट माझं आहे.
चार. नखाखाली टाचण्या.
नऊ. बोट कुणाचं तरी आहे.
बारा. रक्कम दिसते, एक शून्य कमी.
मान वर करते तोवर
गिऱ्हाईक धुक्यात.
इथलं धुकं असं, की पाच पावलांवर
माणसाचा नुसता खोकला उरतो.

सासूबाईंना म्हटलं, तळव्यापाशी एक चीर ठेवाल का,
बोट बाहेर काढण्यापुरती?
अकुलिना सेम्योनोव्हनांनी सुई थांबवली.
"कोणावर गोळी झाडायची आहे?"

सासऱ्यांच्या मोज्याला तशी चीर असायची.
बोट बाहेर यायचं, चाप ओढायचं,
आवाज झाडांत विरायच्या आत परत घरात.
एका हिवाळ्यात ते वेळेवर परतलं नाही.
पुढे मुलांनी त्यांना फोन दिला,
तर ते काळवंडलेलं पेर काचेने शेवटपर्यंत ओळखलं नाही.
ते चिडायचे नाहीत. म्हणायचे,
ते बोट अजून जंगलातच आहे, त्याला कुठला फोन लागणार.

चार दिवसांनी मोजे आले.
उजव्याला चीर, वर कोल्ह्याच्या कातड्याची झापडी.
डावा अखंड.
मी विचारलं, तर चहा ओतत म्हणाल्या,
"एका वेळी एकच सावज."

आज तोच माणूस आला. तीच टोपी, तोच खोकला.
दोन चीर घेतले, काखेत मारले, लाकडं न्यावीत तसे.
पाठवलेत, म्हणाला, बघून घ्या.
झापडी सरली. बोट बाहेर आलं,
गुलाबी, नुकतं अंड्यातून फुटल्यासारखं.
एक. दोन.
तीनलाच रक्कम वाचली.
पुन्हा एक शून्य कमी.

थांबा, म्हणाले.
आणि घाईत तेच बोट त्याच्यावर रोखलं.

तो थांबला.
काखेतल्या माशांसकट दोन्ही हात
थोडे वर करून.