चिंचोके

शाळेच्या पटांगणात आम्ही गाव काढलं.
रांगोळी दोन किलो आणलेली,
ती मारुतीच्या देवळापाशीच संपली.
पुढचं बिदनहळ्ळी चुलीतल्या राखेनं काढलं;
राखेतलं गाव जरा जास्त ओळखू येत होतं.

मी चनबसू, ग्रामपंचायतीचा ऑपरेटर.
एक वही, एक लॅपटॉप, त्यात चार टक्के चार्जिंग.
अक्कलकोटहून आलेल्या मॅडम म्हणाल्या,
ज्या घरी अडचण, त्या घरावर चिंचोका ठेवा.
परातभर चिंचोके मधोमध,
आणि एकही हात पुढं येईना.
कोण कुणाचं उघडं पाडणार सगळ्यांदेखत?

पहिला चिंचोका ठेवला रेवणसिद्ध कोरेनं,
स्वतःच्याच दोन मजली घरावर.
गाव हसलं. तोही हसला,
पण चिंचोका उचलला नाही त्यानं.

मग मॅडमनी साधंच विचारलं,
गरीब कोण?
पिवळ्या कार्डवाला, एकजण म्हणाला.
पत्र्याचं घर ज्याचं.
ज्याच्या दारात बैल नाही तो.
अरे, बैल आता कुणाच्या दारात राहिलाय?
मागून गंगव्वा उठली.
मांडीवरचं नातवंड खाली ठेवलं
आणि म्हणाली,
पोट भरायच्या आधी जो 'साकु' म्हणतो, तो.

साकु म्हणजे पुरे.
आमच्याकडं मराठी बोलणाऱ्यांच्या ताटावरही
हाच शब्द असतो.
वहीत लिहून घेतला मी,
कुठल्या रकान्यात ते कळेना, म्हणून समासात.

तिनं मूठभर चिंचोके उचलले
आणि ओढ्यापर्यंत चालत गेली,
म्हणजे राखेच्या ओढ्यापर्यंत.
पलीकडं नुसती माती.
आमचं गाव तिथं संपलेलं होतं.
ती उकिडवी बसली, बोटानं घरं काढू लागली.
अकरा झाली.
माझ्या वहीत नऊ.
दोन घरं वर्षातले सहा महिने उसाच्या फडात असतात,
आणि मोजणी नेमकी त्याच महिन्यांत होते,
हे मला त्या दिवशी कळलं. ऑपरेटर होऊन पाच वर्षं झालेली.

आराखड्यात पहिल्या ओळीवर वेशीची कमान होती,
तीन लाखांची, नक्षीसकट.
गंगव्वानं विचारलं, तिच्यातनं कोण येणार हाय?
ओढ्याला पाणी असलं की
आमची पोरं शाळेला येत न्हाईत,
आमच्या कडक भाकरीला सोलापूरची एसटी गावत न्हाई.
बायकांनी शंभर-शंभर भाकरी थापून
ओढ्याकाठी बसायचं का, पाणी उतरायची वाट बघत?
सरपंचांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

रात्री ऑफिसात भरायला बसलो.
यादीतून निवडायचं असतं.
मोरी सापडली.
भाकरीसाठी शेड कुठंच सापडेना,
पिठाची गिरणी वस्तीवर, तीही नाही.
शेवटी 'इतर' निवडलं.
ओढ्यापलीकडचं बरंचसं
'इतर'मध्येच बसवलं मी, दाटीवाटीनं.

सकाळी प्रार्थनेला पोरं त्याच नकाशावर उभी राहिली.
राष्ट्रगीत संपेपर्यंत गाव पुसलं गेलं.

कमान झालीच. बारकी झाली, बिननक्षीची.
मोरीचे पाइप एक अख्खा पावसाळा
ओढ्याकाठी आडवे पडून होते,
शेरडं आत बसायची.
चौदाव्या महिन्यात ते मातीखाली गेले.
शेड अजून मंजूर नाही;
भाकरी मल्लव्वाच्या पडवीत वाळतात,
पण सहा चाळीसची एसटी त्यांना मिळते.
फडावरची दोन्ही घरं यंदाही फडावर गेली.
एका घरातली सून तेवढी मागं राहिली,
भाकरी थापायला.

परवा गंगव्वाकडं सही घ्यायला गेलो.
तिनं ताट केलं, कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार.
दोन खाल्ल्या. तिसरी ती वाढू लागली,
मी हात आडवा धरला, साकु म्हणालो.

तिनं भाकरी तशीच हातात धरली.
बघत राहिली माझ्याकडं.
खरं सांग, म्हणाली.